कायद्याचा सल्ला : आयोगाची नोटीस आली, डॉक्टर, आता काय?

या अंकात डॉक्टर वाचकांची आणि एका डॉक्टरांच्या घरचे पत्र घेतले आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या तक्रारीबद्दलचे प्रश्न गेले काही महिने साचले होते. पत्रांमधला ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

माझे छोटे प्रसूतिगृह आहे. आठ महिन्यांपूर्वी एका ४६ वर्षांच्या बाईंची गर्भपिशवी दुर्बिणीतून काढली. त्यांची आधी दोन सिझेरियन झालेली होती. चौथ्या दिवशी घरी सोडले. नवव्या दिवशी योनिमार्गातून पाण्यासारखा स्राव सुरू झाला. मी लगेच यूरोलॉजिस्टकडे पाठवले. युरेटरला (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीला) इजा निघाली आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. आता त्या पुण्याला मुलाकडे राहतात आणि तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आली आहे. मागणी ३५ लाखांची आहे. ऑपरेशन इथे झाले, मग केस पुण्यात कशी? माझे वकील म्हणतात, पहिल्या तारखेला जाऊन मुदत मागू. – स्त्रीरोगतज्ज्ञ, सांगली जिल्हा

वकिलांना आजच फोन करा. मुदत मागायला तारखेची वाट पाहायची नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे लेखी जबाब नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो. आयोग त्यात फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. म्हणजे एकूण ४५. त्यापुढे एक दिवसही वाढवण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. नोटिशीवर छापलेली तारीख चाळिसाव्या दिवशी असू शकते आणि पन्नासाव्याही. दिवाणी कोर्टात मुरलेले वकील इथेच फसतात. जबाब गेला नाही तर शेवटी युक्तिवाद करता येतो, पण त्याला पाया उरत नाही.

दिवस मोजायचे ते तक्रारीच्या प्रतीसह नोटीस हातात पडल्यापासून. त्यामुळे लिफाफा फेकू नका. कोणी, कधी सही करून घेतला ते त्यावरच लिहून ठेवा. सोबत तक्रारीची प्रत किंवा जोडपत्रे नसतील तर त्याच दिवशी आयोगाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पाकीट परत पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घेण्यास नकार दिलेली नोटीस बजावली गेली असेच धरतात.

पुण्याचे म्हणाल तर २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. आणि ३५ लाख मागितले म्हणून प्रकरण वरच्या आयोगात जात नाही. आता मागितलेली भरपाई बघत नाहीत, सेवेसाठी दिलेली रक्कम बघतात. ती ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. या दोन मुद्द्यांवर हरकती घेण्यात वेळ घालवू नका. तक्रार दाखल करण्याची दोन वर्षांची मुदत मात्र तपासा. तुमच्या बाबतीत ती संपलेली नाही, तेव्हा तोही मुद्दा सोडा. पोकळ हरकतींनी भरलेला जबाब वाचणाऱ्याला खरा मुद्दा शोधायला लावतो.

पहिल्या तीन दिवसांत तीन कामे. एक, विमा कंपनीला लेखी सूचना द्या, नोटिशीची प्रत जोडा. दोन, मूळ केस पेपर, संमतीपत्र, भुलीचा तक्ता, सिस्टरांच्या नोंदी, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, बिले, ओपीडीची वही आणि ऑपरेशनचे रेकॉर्डिंग असेल तर तेही एकत्र करा. पानांना क्रमांक घाला, दोन संच झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुलपात ठेवा. काम झेरॉक्सवर करा. तीन, संगणकावर नोंदी असतील तर सॉफ्टवेअरवाल्याला सांगून त्या वेळच्या डेटाची प्रत आणि बदलांचा इतिहास जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. ते तयार करायला वेळ जातो.

मग खरे काम. तासवार, तारीखवार घटनाक्रम स्वतः लिहा, वकिलांवर सोडू नका. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात काय झाले, तिसऱ्यात ते कोणत्या पानावर नोंदले आहे. तिसरा रकाना रिकामा राहतो तिथे तुमची कमजोरी आहे. ती वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

तुमच्या प्रकरणात ‘ही ज्ञात गुंतागुंत आहे’ एवढे म्हणून भागणार नाही. युरेटरला इजा होऊ शकते हे पुस्तकात आहेच, आणि तक्रारदाराच्या वकिलांनाही माहीत आहे. आयोग तीन गोष्टी शोधेल. ऑपरेशनच्या नोंदीत आधीच्या सिझेरियनमुळे चिकटलेले भाग, युरेटर ओळखल्याची नोंद, कोणते ऊर्जा उपकरण (उष्णतेने ऊती कापणारे) वापरले, हे आहे का? धोका आधी सांगितला होता का? आणि लक्षण दिसल्यावर किती वेळात काय केले? तिसऱ्यावर तुमची बाजू भक्कम दिसते. उष्णतेने झालेली इजा त्याच दिवशी दिसत नाही. भाजलेला भाग काही दिवसांनी गळतो आणि मग कुशीत दुखणे, ताप किंवा स्राव सुरू होतो. नवव्या दिवशीचा स्राव या क्रमाशी जुळतो. स्राव लघवीचाच आहे का हे कळण्यासाठी त्यातले क्रिएटिनिन तपासले असेल, सीटी यूरोग्राफी (मूत्रमार्गाचे सीटी स्कॅन) केली असेल, तर अहवालांवरच्या वेळा जबाबात द्या. चौथ्या दिवशी घरी सोडताना ताप, पोट, लघवीचे प्रमाण यांच्या नोंदी असतील तर त्याही. नसतील तर तक्रारदाराचा सगळा भर तिथेच येईल.

संमतीपत्राकडे नीट बघा. छापील इंग्रजी फॉर्म, ऑपरेशनचे नाव रिकामे आणि खाली फक्त नवऱ्याची सही, असा कागद नसल्यासारखाच. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय आणि ठळक धोके पेशंटला कळले पाहिजेत. दूरदूरची प्रत्येक शक्यता सांगण्याची गरज नाही. त्या प्रकरणात पेशंट भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढले गेले होते आणि ती संमती ग्राह्य धरली गेली नाही. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणारी असेल तर सही तिचीच.

जबाबाचा मसुदा आला की प्रत्येक परिच्छेद स्वतः वाचा. ‘मजकूर खोटा व नाकबूल’ हे वाक्य मागेपुढे न पाहता सगळीकडे ठोकलेले असते. पेशंट अमुक तारखेला दाखल झाली हेही त्यात नाकबूल होऊन बसते, आणि उलटतपासणीत ते तुमच्याच अंगावर येते. खरे ते मान्य करा, तब्येतीबद्दल दोन ओळी माणुसकीच्या असू द्या, आणि कारणाबद्दलचा वाद तेवढा ठामपणे मांडा.

केस पेपर चाळताना लक्षात आले की मी रात्रीचा राउंड घेतला होता, पण लिहिले नाही. आता त्या तारखेखाली एक ओळ घातली तर? खोटे तर काही नाही. – फिजिशियन, अहिल्यानगर

घालू नका. पेशंटने किंवा नातेवाइकाने मोबाइलवर काढलेला त्याच पानाचा फोटो तक्रारीला जोडलेला असण्याची शक्यता धरून चला. विमा कंपनीच्या कॅशलेस मंजुरीसाठी गेलेली प्रतही कुठेतरी असते. दोन प्रतींत एका ओळीचा फरक निघाला की उरलेल्या चाळीस पानांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

राउंड घेतल्याचा पुरावा दुसरीकडे असू शकतो : सिस्टरची नोंद, औषधाची ऑर्डर, तपासणीच्या मागणीवरची वेळ, फोन. तो गोळा करा आणि जबाबात ‘राउंड घेतला, स्वतंत्र नोंद राहिली’ असे सरळ लिहा. यापुढे दुरुस्ती करायची तर एक सरळ रेघ मारा, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, शेजारी तारीख, वेळ, सही. व्हाइटनर नको. उशिरा लिहिलेली नोंद ‘उशिरा केलेली नोंद’ असे म्हणूनच लिहा, आणि तीही उपचार चालू असताना. नोटीस आल्यावर पेन खाली.

बिल बाकी आहे आणि नातेवाईक केस पेपरची प्रत मागतात. वकील लावणार हे दिसतेच आहे. द्यावी का? – सर्जन, नाशिक

द्यावी, ७२ तासांत. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत तसे आहे, आणि पेशंटला प्रत देण्याचे बंधन मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. बिलाची वसुली हा वेगळा विषय. अर्जावर पोच द्या, पानांना क्रमांक घालून खऱ्या प्रतीचा शिक्का मारा, किती पाने दिली ते लिहून घेणाऱ्याची सही घ्या. पैसे घ्यायचे तर झेरॉक्सचे वाजवी. टाळाटाळ केली तर मूळ उपचार चांगले असूनही ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून हा एक वेगळा मुद्दा तुम्ही स्वतःच हातात देता. आंतररुग्णांची कागदपत्रे किमान ३ वर्षे ठेवायची आहेत. पण उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला असल्यामुळे गुंतागुंतीच्या केसेसचे कागद त्याहून बरेच जास्त काळ ठेवा.

नडगीचे हाड मोडलेल्या तरुणाला प्लास्टर घातले. रात्री दुखणे वाढले. सकाळी कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंभोवतीचा दाब वाढून रक्तपुरवठा तुटणे) निघाला, फॅशिओटॉमी (दाब सोडवण्यासाठी स्नायूंवरचे आवरण कापणे) केली, तरी पाऊल लुळे राहिले. माझे पुराव्याचे शपथपत्र दिले आहे. आता उलटतपासणी आहे. कशी तयारी करू? – अस्थिरोगतज्ज्ञ, सोलापूर

ग्राहक आयोगात बहुतेक वेळा उलटतपासणी लेखी प्रश्नावलीने होते. प्रश्न येतात आणि उत्तरे शपथपत्रावर द्यायची असतात. कधी समक्ष, कधी व्हिडिओवरून, कधी आयोगाने नेमलेल्या कमिशनरपुढेही होते. लेखी असेल तर घाईने वकिलांच्या कारकुनाला तोंडी उत्तरे सांगू नका. प्रत्येक उत्तरासमोर पानाचा क्रमांक लिहून मसुदा करा.

समक्ष असेल तर आधी शपथपत्र आणि जबाब शेजारी ठेवून वाचा. वकिलांच्या नोटिशीला पूर्वी उत्तर दिले असेल तर तेही. तिन्हीत वेळ वेगळी पडली असेल तर पहिला प्रश्न तिथूनच येईल.

तुमच्या केसमध्ये सगळा वाद रात्री आठ ते सकाळी सात या वेळेचा आहे. सिस्टरच्या नोंदीत ‘८.१० – पेशंट दुखते म्हणतो, आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) कळवले’ असे असेल, तर ती ओळ पाठ असू द्या. तुमच्या नोंदीत फक्त ‘नाडी लागते’ असेल तर तीवर विसंबू नका. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये पायाची नाडी बराच वेळ लागत राहते, हे समोरच्या वकिलांना त्यांचे तज्ज्ञ सांगून ठेवणारच. खरे प्रश्न असे येतील : बोटे हलवून ताणल्यावर दुखते का ते पाहिले का? दुखण्याचे इंजेक्शन दिल्यावरही दुखणे का थांबले नाही? प्लास्टर कापून सैल केले का, आणि किती वाजता? त्याखालचा कापूसही कापला का? या प्रत्येकाचे उत्तर नोंदीसकट आधी ठरवा. नोंद नसेल तर ‘नोंद नाही’ हेच उत्तर. आठवणीतून तपशील उभा करू नका.

प्रश्नांची काही वळणे ठरलेली असतात.

वकील : तुमच्या हॉस्पिटलमुळे पेशंटचे पाऊल लुळे पडले, बरोबर?
इथे ‘नाही, त्यानेच पाय खाली सोडला’ असे तोंडून निघते. ते शपथपत्रात नसेल तर नवी गोष्ट रचली असे दिसते. असे म्हणा : पाऊल लुळे आहे हे खरे आहे. कारण मी शपथपत्राच्या परिच्छेद ११ मध्ये सांगितले आहे.

वकील : तुम्ही रात्री नऊला आला असता तर पाय वाचला असता, हे शक्य आहे ना?
‘शक्य’ हा सापळा आहे. पण ‘अजिबात शक्य नाही’ हे उत्तरही टिकत नाही. रात्री नऊच्या नोंदीत कोणती लक्षणे होती आणि कोणती नव्हती, एवढे सांगा.

वकील : या पुस्तकात असे लिहिले आहे, मान्य आहे?
पुस्तक हातात मागा. आवृत्ती आणि वर्ष बघा. उपचार झाले त्या वेळी चालू असलेलीच आवृत्ती लागू धरायची. आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचा, मग बोला.

उत्तर छोटे. प्रश्न संपेपर्यंत थांबा. एका प्रश्नात दोन प्रश्न असतील तर ते वेगळे करायला सांगा. उत्तर दिल्यावर वकील गप्प बसून तुमच्याकडे बघतात, ती जागा भरायचा मोह आवरा. डॉक्टरांना समजावून सांगायची सवय असते आणि नको ते तिथेच निघते. मराठीत बोलायचे असेल तर मराठीत बोला, पण लिहून घेतलेला जबाब सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा. ‘सूज होती’ आणि ‘सूज वाढली होती’ यात तुमची केस फिरते.

स्वतंत्र तज्ज्ञाचे शपथपत्र जोडले नसेल तर अजून प्रयत्न करा. मेडिकल कॉलेजात शिकवणारे, तुमच्या शाखेचे, तुमच्याशी धंद्याचे नाते नसलेले. त्यांना अडचणीच्या पानांसह सगळे कागद द्या. त्यांचीही उलटतपासणी होऊ शकते. तज्ज्ञ नसला तरी तक्रार टिकू शकते, प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत हवेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे. औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये १९६३ साली पोटात टॉवेल राहिल्याच्या खोडवा प्रकरणासारख्या घटनेत तज्ज्ञ काय सांगणार? तुमचे तसे नाही. तुमच्यासारख्या केसमध्ये आयोगाला तज्ज्ञ लागतोच.

युक्तिवादाची मांडणी करताना पुण्यातलेच एक जुने प्रकरण उपयोगी पडते. मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाच्या मृत्यूबद्दल त्याच्या वडिलांनी, जे स्वतः डॉक्टर होते, दावा लावला होता. जोशी विरुद्ध गोडबोले या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : केस घ्यावी की नाही हे ठरवताना काळजी, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना काळजी, आणि ते देताना काळजी. डॉक्टर तिथे हरले होते, पण चौकट आजही तीच आहे. तुमचा लेखी युक्तिवाद या तीन मथळ्यांखाली लिहा. पहिल्या दोन मथळ्यांवर तुमच्यावर आरोपच नाही हे आपोआप दिसेल.

टेबलावर पेशंट दगावला. पोलिस आले आणि स्टेशनला या म्हणाले. अटक होते का? – भूलतज्ज्ञ, रत्नागिरी

सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे (२००५) फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो. पोलिसांनी आधी स्वतंत्र डॉक्टरचे, शक्यतो सरकारी सेवेतल्याचे, मत घ्यायचे असते, आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करायची नसते. आता लागणारे कलम भारतीय न्याय संहितेचे १०६(१). नोंदणीकृत डॉक्टरला त्यात जास्तीत जास्त २ वर्षे शिक्षा आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे.

बोलावले तर जा, वकिलांना घेऊन. कागदपत्रे मागितली तर प्रती द्या, मूळ जप्त होणार असेल तर पंचनाम्यात पानांची संख्या लिहून घ्या आणि आधी झेरॉक्स काढून ठेवा. तोंडी गप्पांत कारणमीमांसा करू नका. मॉनिटरच्या प्रिंट, वापरलेल्या औषधांच्या व्हायल, बॅच क्रमांक, सिलिंडर जसेच्या तसे बाजूला काढा. मृत्यू अनपेक्षित असेल तर शवविच्छेदनाचा सल्ला तुम्हीच द्या. नातेवाईक नको म्हणाले तर तसे लेखी घ्या. शवविच्छेदन झाले नाही की मृत्यूच्या कारणाबद्दल नुसते तर्क उरतात, आणि त्याचा तोटा डॉक्टरला जास्त होतो. सर्जन आणि तुम्ही एकच वकील करू नका. पुढे दोघांच्या बाजू एकमेकांवर येऊ शकतात.

निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठी ५० लाखांची विमा पॉलिसी आहे. पुरेशी आहे ना? – बालरोगतज्ज्ञ, ठाणे

आकड्याआधी तीन ओळी वाचा. डॉक्टरांच्या पॉलिसी साधारणपणे दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या धरतात. उपचार झाले ते वर्ष नव्हे. म्हणून ‘रेट्रोअॅक्टिव्ह डेट’ बघा, म्हणजे कोणत्या तारखेपासूनचे उपचार पॉलिसीत धरले जातात ती तारीख. कंपनी बदलताना किंवा एक हप्ता चुकला तर ती पुढे सरकते आणि मधल्या वर्षांतले पेशंट उघड्यावर पडतात. दुसरे, एका घटनेला किती आणि वर्षभरात किती हे प्रमाण. ५० लाख वर्षभरासाठी आणि १:४ असेल तर एका दाव्याला १२.५ लाखच. तिसरे, वकिलांची फी त्याच रकमेतून जाते का. बहुतेक पॉलिसींत जाते. हॉस्पिटलचा विमा वेगळा लागतो. सिस्टरची चूक तुमच्या वैयक्तिक पॉलिसीत येतेच असे नाही.

कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तडजोड करू नका आणि चूक कबूल करणारे पत्र देऊ नका. दवाखाना बंद केला तरी काही वर्षे पॉलिसी चालू ठेवा.

माझे यजमान सर्जन आहेत. केस लागल्यापासून झोप नाही. आपसांत मिटवता येणार नाही का? पेशंट गेलेला आहे. – एक वाचक, कोल्हापूर

ताई, आयोगाच्या मध्यस्थीने मिटवणे या प्रकरणात शक्य नाही. मृत्यू किंवा गंभीर इजा झालेली वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे २०२० च्या नियमांनी मध्यस्थीतून वगळली आहेत. आयोगाबाहेर दोन्ही वकिलांनी बोलायला हरकत नाही, पण विमा कंपनीला विचारूनच. डॉक्टरांनी स्वतः नातेवाइकांना फोन करू नये. आता रेकॉर्डिंग होते.

हे प्रकरण काही महिन्यांत संपेल अशी अपेक्षा ठेवू नका. जिल्हा आयोगाचा निकाल विरुद्ध गेला तरी ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील आहे. त्यासाठी निकालाच्या रकमेचा निम्मा भाग भरावा लागतो, तो विमा कंपनीकडून कसा मिळेल ते आत्ताच विचारून ठेवा. तारखा पुष्कळ पडतील, पण बहुतेकींना वकील पुरेसे असतात. यजमानांची गरज घटनाक्रम लिहिताना, शपथपत्र, उलटतपासणी आणि अंतिम युक्तिवादाला. त्या चार वेळा कॅलेंडरवर लिहा, बाकीच्या तारखांना ओपीडी बंद ठेवू नका. डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केसबद्दल एक शब्दही टाकू देऊ नका. तिथला मेसेज पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. झोप येत नाही ती गोष्ट मात्र मनावर घ्या. पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालले असेल, मोठ्या ऑपरेशनच्या आधी हात थरथरत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर मोठ्या केसेस सहकाऱ्याकडे द्या.